कोर्टाची नवी इमारत : आधी माणसं मोजा, मग खोल्या काढा

पोस्ट लांबलीय. चहा घेऊन बसा, पण वाचा. ज्या इमारतीबद्दल लिहितोय ती एकदा उभी राहिली की पुढची पन्नास वर्षं आपल्याला आणि आपल्या पोराबाळांना तिथंच चकरा मारायच्यात.

आपल्या तालुका कोर्टाला नवी इमारत मंजूर झाल्याची बातमी मीच दिली होती. तुम्ही ती भरभरून शेअर केलीत, आभार. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर इमारतीचं रंगीत चित्र आहे. समोर हिरवळ, मधोमध कारंजं, चार चकाचक गाड्या आणि पायऱ्यांवरून चालणारी काही माणसं. ही माणसं बहुधा सिंगापूरहून आणली असावीत, कारण एकाच्याही हातात पिशवी नाही. कोर्टात पिशवीशिवाय कोण येतं हो? पिशवीत कागद, भाकरी, पाण्याची बाटली आणि बीपीच्या गोळ्या. तारखेला आलेला माणूस लांबून ओळखू येतो तो या पिशवीवरूनच.

ते चित्र बघून मला प्रश्न पडला की ही इमारत नेमकी कुणाची गरज धरून काढलीय? म्हणून त्या कामाशी संबंधित एका अधिकाऱ्याला गाठलं. माणूस चांगला आहे, खोटं बोलला नाही. मी विचारलं, "साहेब, रोज किती पक्षकार येतात हा आकडा तुम्ही कुठून घेतला?" ते म्हणाले, "तसा आकडा लागत नाही हो. कोर्ट हॉल किती पाहिजेत ते वरून कळतं. त्यावरून चेंबर, ऑफिस, बार रूम. नेहमीचा नमुना असतो." मी म्हटलं, "आणि पब्लिक?" ते म्हणाले, "पब्लिकसाठी वेटिंग ठेवलंय की."

नकाशा त्यांनी दाखवला. फोटो काढू दिला नाही, पण बघितला. तीन कोर्ट हॉल, तीन चेंबर, प्रत्येक चेंबरला जोडून संडास-बाथरूम. वकिलांची खोली आहे, ऑफिस आहे. आणि तळमजल्यावर जिन्याशेजारी एक चौकोन, त्यात लिहिलंय 'वेटिंग'. खुर्च्या दाखवल्यात, त्या मी मोजल्या. चाळीस.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. आजपर्यंत कधी लिहिली नव्हती.

माझ्या आजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा अकरा वर्षं चालला. कोर्ट आपलं नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातलं. आई वारस म्हणून पक्षकार होती. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो, सुट्टी असली की आईसोबत जायचो. बऱ्याच तारखांनंतर माझ्या लक्षात आलं की कोर्टाच्या दिवशी आई सकाळपासून पाणी पीत नाही. चहासुद्धा नाही. उपास असेल असं वाटायचं. एकदा मे महिन्यात तिला तिथंच व्हरांड्यात चक्कर आली. डॉक्टरांनी पाणी कमी पडलं म्हणून सांगितलं. मी चिडलो तर म्हणाली, "अरे, तिथं बायकांना जायला जागा कुठंय? पाणी पिऊन करू काय?"

अकरा वर्षं. दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. आईला मूतखड्याचा त्रास अजून आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही हे मी डॉक्टर नाही म्हणून सांगू शकत नाही. पण पाणी न पिण्याची सवय तिला कुठं लागली ते मला ठाऊक आहे.

हे फक्त माझ्या आईचं दुखणं नाही, आणि हे म्हणणारा मी एकटा नाही. २३ ऑक्टोबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. व्यासपीठावर केंद्रीय कायदामंत्री आणि मुख्यमंत्री बसलेले. त्यांच्यासमोर तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी देशभरातल्या न्यायालयांचे आकडे वाचून दाखवले. २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. १६ टक्के ठिकाणी पुरुषांसाठीसुद्धा नाही. पिण्याचं शुद्ध पाणी ५४ टक्के ठिकाणीच. प्राथमिक वैद्यकीय सोय फक्त ५ टक्के ठिकाणी. कागदपत्रांची वेगळी खोली ३२ टक्के ठिकाणी. हे एखाद्या आंदोलकाचं पत्रक नव्हतं. देशाचे सरन्यायाधीश आपल्या मराठवाड्याच्या भूमीवर उभं राहून बोलत होते. टाळ्या पडल्या. पुढं?

त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, 'विधी सेंटर'ने देशातल्या ६६५ जिल्हा न्यायालय संकुलांची पाहणी केली होती. पूर्ण चालू स्थितीतली स्वच्छतागृहं सापडली जेमतेम ४० टक्के ठिकाणी. लक्षात घ्या, ही जिल्ह्याची ठिकाणं. तालुक्याचा तर त्यात हिशोबच नव्हता.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते पैशाचं नाही. पैसे येतात. १९९३-९४ पासून न्यायालयांच्या बांधकामासाठी केंद्राची योजना आहे, आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० रुपये असं वाटप आहे. २०२१ नंतर तर त्यात वकिलांचे हॉल, स्वच्छतागृहं आणि डिजिटल कॉम्प्युटर रूम यांचाही समावेश झालाय. दुखणं वेगळं आहे. नकाशा काढण्याआधी, तिथं कोण येणार, किती येणार, किती वेळ थांबणार आणि काय करणार, हे कुणी मोजत नाही. न्यायाधीशांच्या खुर्च्या मोजतात आणि बाकीची इमारत त्याच्याभोवती गुंडाळतात.

मोजणं इतकं अवघड आहे का? मागच्या सोमवारी मी आणि माझा भाचा गेटसमोरच्या रसवंतीच्या बाकावर वही घेऊन बसलो. सकाळी साडेदहा ते दुपारी दीड. वकील, कर्मचारी, पोलीस सोडले. आत गेलेली माणसं झाली ४१२. त्यात बायका ९७. कडेवर किंवा बोट धरून आलेली लहान मुलं २३. काठी टेकत किंवा कुणाचा तरी हात धरून आलेले ३१, त्यातला एक जण पायऱ्यांपाशीच बसून राहिला, त्याचा मुलगा वर जाऊन 'बाबा खाली आलेत' असं सांगून आला. हा काही शास्त्रीय सर्व्हे नाही, दोन माणसांनी ऊस पीत केलेली मोजदाद आहे. एखाद-दुसरा चुकलाही असेल. पण नकाशातल्या चाळीस खुर्च्यांपेक्षा हा आकडा खरा आहे एवढं नक्की.

आणि उन्हात बसायचं नसेल तर ऑफिसात बसूनही मोजता येतं. रोजचा बोर्ड ई-कोर्टच्या साइटवर असतो. धरून चला, एका कोर्टाच्या बोर्डावर साठ प्रकरणं आहेत. प्रत्येकात दोन बाजू. दोन्हीकडून एकेकच माणूस आला तरी एकशेवीस. तीन कोर्टं म्हणजे तीनशेसाठ. साक्षीदार वेगळे, जामीनदार वेगळे, नकला काढायला आलेले वेगळे, आणि आरोपीसोबत येणारं अर्धं गाव वेगळं. वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते. त्या दिवशी बँकांचे लोक, वीजबिलवाले, ट्रॅफिक चलानवाले धरले तर बाहेर मांडव घालावा लागतो. मांडवाचा खर्च दरवेळी होतो, मग नकाशात मोकळी शेड का नाही?

काही जण म्हणतील, हा पत्रकार आता कोर्टाला शहाणपण शिकवायला लागला. तर शहाणपण माझं नाहीच. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीब कलिता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांचं खंडपीठ. देशातल्या प्रत्येक न्यायालयात पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं हवीत, असा आदेश. प्रत्येक उच्च न्यायालयाने न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची. आणि त्या समितीने आधी काय करायचं? रोज सरासरी किती माणसं कोर्टात येतात ते शोधायचं, आणि त्यावरून स्वच्छतागृहं पुरेशी आहेत का ते ठरवायचं. आधी माणसं मोजा असं खुद्द सर्वोच्च न्यायालय म्हणतंय. मग आपल्या नकाशाला 'तसा आकडा लागत नाही' हे कुठून आलं?

त्याआधी २ ऑगस्ट २०१८ लाही सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या पायाभूत सोयींवर आदेश दिला होता. त्यात थोड्या मुदतीचा, पाच वर्षांचा आणि दहा वर्षांचा असा विकास आराखडा करायचं सांगितलं होतं. दहा वर्षांचा! आपल्याकडे फ्लेक्सचं चित्र आहे, आराखडा नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती जपून सांगतो, कारण ती एका मुलीची आहे. कुठला खटला, कुठलं गाव, कधीचं, काही सांगणार नाही. मी बातमीसाठी कोर्टात होतो. ती मुलगी साक्षीला आली होती, सोबत मावशी. आत जागा नव्हती म्हणून दोघी लिंबाखाली बसलेल्या. समोर दहा पावलांवर आरोपीचे नातेवाईक चहा पीत उभे. कुणी काही बोललं नाही, धमकी दिली नाही, पोलिसांनी दखल घ्यावी असं काहीच घडलं नाही. फक्त बघत होते. दोन तास. पुकारा झाला तेव्हा मुलगी उठेना. मावशीनं खूप समजावलं. त्या दिवशी साक्ष झाली नाही, पुढची तारीख पडली.

पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी घ्या, असं त्याचं कलम ३६ सांगतं. साक्षीच्या खोलीत पडदा लावला की कलम पाळलं गेलं असं आपण समजतो. पण त्या पडद्यापर्यंत पोहोचायला मुलीला एकच गेट, एकच व्हरांडा आणि एकच जिना असेल, तर पडदा काय कामाचा? सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला, आपल्याच महाराष्ट्रातल्या स्मृती बडदे प्रकरणात, प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी कायमस्वरूपी साक्ष केंद्र करायला सांगितलं. जिल्ह्याला झालं तरी तालुक्याच्या मुलीचं काय? नव्या इमारतीत निदान वेगळ्या दारानं येणारी, वेगळं स्वच्छतागृह असलेली, चार भिंतींची एक खोली असायला नको? नकाशात मी ती शोधली. नाही. कारंजं आहे.

कोर्टाची इमारत म्हणजे शाळा किंवा पंचायत समिती नव्हे. इथं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका छताखाली येतात. म्हणून जगभर कोर्ट बांधताना येण्याजाण्याचे तीन रस्ते वेगळे ठेवतात. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांचा एक, कोठडीतल्या आरोपींचा दुसरा, लोकांचा तिसरा. तिघांची गाठ फक्त कोर्ट हॉलमध्ये पडावी. आपल्याकडे काय होतं? पोलीस व्हॅन गेटवर थांबते. आरोपीला गर्दीतून नेतात. वाटेत त्याची आई रडते, मित्र तंबाखूची पुडी सरकवतो, फिर्यादीचा भाऊ शिव्या घालतो. त्याच व्हरांड्यातून न्यायाधीशसाहेबांना चेंबरकडे जावं लागतं, शिपाई पुढं 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' करतो. यात न्यायाधीशांचीही सोय नाही, सुरक्षाही नाही. हे मी त्यांच्या बाजूने लिहितोय, ज्यांना अवमान-अवमान ओरडायचंय त्यांनी नीट वाचावं.

कर्मचाऱ्यांचंही ऐका. जुन्या कोर्टात रेकॉर्ड कुठं ठेवलंय माहितीय? जिन्याखाली, माळ्यावर आणि एका कोर्टाच्या मागच्या भिंतीला. दाव्याचे गठ्ठे लाल कापडात. एका कारकुनानं सांगितलं, जुनी फाइल हवी असेल तर आधी शिडी शोधायची, मग फाइल. नव्या नकाशात रेकॉर्ड रूम आहे, चांगली गोष्ट. पण ती दुसऱ्या मजल्यावर. कागद किती जड असतो ते ज्यानं एकदा तरी रद्दी विकलीय त्याला विचारा. भरलेल्या रॅकचं वजन ऑफिसच्या टेबल-खुर्चीच्या कितीतरी पट असतं, स्लॅब त्या हिशोबानं धरावा लागतो. आणि रोज गठ्ठे खालीवर नेणार कोण? शिपाई. लिफ्ट आहे म्हणे. लिफ्टला जनरेटर आहे का, हे मी विचारलं. "बघू," म्हणाले. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मुद्देमालाच्या खोलीचं तर मी विचारायचंच राहिलो. कोयत्यापासून दारूच्या कॅनपर्यंत सगळं ज्या खोलीत ठेवायचं ती खोली नकाशात मला तरी दिसली नाही.

लिफ्टवरून आठवलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, कलम ४४. दिव्यांगांना वापरता येईल अशी रचना नकाशात नसेल तर बांधकामाची परवानगीच द्यायची नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कायदा किती स्पष्ट आहे बघा. आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन विभागाचा अहवाल सांगतो की देशातल्या जिल्हा न्यायालय संकुलांपैकी साधारण निम्म्याच ठिकाणी उतार म्हणजे रॅम्प आहेत, आणि दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह ३०.४ टक्के ठिकाणी. कायद्याचं घरच कायद्यात बसत नाही. आमच्या काठीवाल्या आजोबांनी पायऱ्यांवर बसूनच तारीख घेतली ना.

आता जागेचा मुद्दा. यावरून माझ्याशी काही मंडळी आधीच भांडलीत, तरी लिहितो.

नवी इमारत गावाबाहेर हायवेला, गायरानात होणार आहे. जागा फुकट मिळाली म्हणून सगळे खूश. जागा फुकट, पण जायचं कसं? एसटी स्टँड गावात. सध्याचं कोर्ट स्टँडपासून पायी सात मिनिटं. नवीन जागा पाच किलोमीटर. एसटी तिथं थांबत नाही. शेअर रिक्षा सीटमागं तीस रुपये घेईल, जाऊन-येऊन साठ. हिशोब करू. रोज चारशे माणसं धरा, त्यातल्या निम्म्यांकडे स्वतःची गाडी आहे असं समजा. उरली दोनशे. दोनशे गुणिले साठ, बारा हजार रुपये रोज. वर्षाला अडीचशे दिवस कोर्ट धरलं तर तीस लाख. दरवर्षी तीस लाख रुपये आपल्या तालुक्यातली गरीब माणसं रिक्षाला देणार, कारण जागा 'फुकट' मिळाली. आणि यात पोटगीच्या तारखेला लेकराला घेऊन येणारी बाईही आहे, जिला महिन्याला जेवढे मिळायचे ठरलेत तेवढेही हातात पडत नाहीत.

जागाच नाही म्हणून बाहेर जावं लागत असेल, तर ठीक, मी हट्ट धरत नाही. आताच्या आवारात गाडी वळवायलाही जागा नाही हे मी रोज बघतो. पण मग मंजुरीच्याच कागदात लिहा की कोर्टाच्या वेळेत स्टँडवरून बस असेल, थांबा असेल, थांब्याला शेड असेल. इमारत झाल्यावर आगाराकडे निवेदनं देत बसायचं का? टायपिस्ट, झेरॉक्सवाले, स्टॅम्पवाले, नोटरी यांनाही नकाशात जागा द्या. नाहीतर पहिल्या सहा महिन्यांत गेटबाहेर पत्र्याच्या टपऱ्या उभ्या राहतील, मग अतिक्रमण हटाव होईल, मग मी त्याची बातमी करीन. हे चक्र आपण तहसीलच्या बाबतीत बघितलंय.

आणि उद्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं. देशात आज मंजूर पदं धरूनही हा आकडा साधारण एकवीसच्या आसपास आहे. म्हणजे आज ना उद्या न्यायाधीश वाढणार, वाढलेच पाहिजेत. आपल्याकडे वरिष्ठ स्तर कोर्टाची मागणी आहे, अतिरिक्त सत्र न्यायालयाची तर वकील संघ कित्येक वर्षं मागणी करतोय. सत्र न्यायालय आलं की खुनाचे, बलात्काराचे खटले इथं चालणार. कोठडीतले आरोपी येणार, पोलीस बंदोबस्त येणार, सरकारी वकिलांचं ऑफिस येणार. तीन हॉलच्या इमारतीत हे कुठं बसवणार? पाया वरच्या मजल्यांसाठी धरलाय का? बाजूला जागा राखलीय का? यावर अधिकारी म्हणाले, "ते पुढचं पुढं." जुन्या इमारतीच्या वेळीही कुणीतरी हेच म्हणालं असणार. म्हणून तर तिच्या मागं पत्र्याची दोन शेड आहेत, ज्यात पावसाळ्यात युक्तिवाद ऐकू येत नाही.

आता येणाऱ्या कमेंटना आधीच उत्तरं देऊन ठेवतो.

"भाऊ, आता सगळं ऑनलाइन होणार, एवढी जागा कशाला?" ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केले, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत व्हिडिओवरून साक्षीची सोय आहे, हे सगळं खरं. पण व्हिडिओवर साक्ष घ्यायला आवाज न येणारी खोली लागते, बॅकअप लागतो, नेट लागतं. त्या खोलीचं नकाशात नाव नाही. आणि डोंगरावरच्या वस्तीतला माणूस मोबाइलवरून वाटपाचा दावा चालवेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिथं जाऊन रेंज शोधून दाखवावी.

"बांधकामात खोडा घालू नका, निधी परत जाईल." एक आठवडा मोजणीला लागतो. ही फाइल किती वर्षं फिरतेय ते ज्यांनी फ्लेक्स लावलेत त्यांनीच सांगावं. इतकी वर्षं थांबलो, एका आठवड्यानं निधी पळून जात नाही.

"कोर्टाबद्दल लिहिलंस, अवमान होईल." मी कुठल्या निकालाबद्दल लिहिलेलं नाही, कुठल्या न्यायाधीशांबद्दल नाही. इमारतीबद्दल लिहिलंय. आणि इमारतीबद्दल माझ्यापेक्षा कडक बोलणारे खुद्द सरन्यायाधीश होते. ५ नोव्हेंबर २०२५ ला वांद्र्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, तिथं म्हणाले की ही इमारत न्यायाचं मंदिर व्हावी, सप्ततारांकित हॉटेल नको. इमारती आखताना आपण न्यायाधीशांच्या गरजा बघतो, पण आपण आहोत ते पक्षकारांसाठी, असंही त्यांनी सुनावलं. त्याच्या महिनाभर आधी याच गवईसाहेबांनी मंडणगडच्या तालुका कोर्टाच्या इमारतीचं उद्घाटन केलं होतं. मंडणगड म्हणजे बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे तो. तालुक्याचं कोर्ट ही लहान गोष्ट नाही, म्हणून सरन्यायाधीश तिथं जातात.

मला मागायचंय ते फार नाही. काम सुरू होण्याआधी नकाशा तालुक्याच्या लोकांसमोर ठेवा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं, लोकांवर परिणाम करणारा निर्णय असेल तर त्यामागची माहिती न मागता जाहीर करा. कोर्टाच्या आवारात, पंचायत समितीत आणि स्टँडवर तो चिकटवा. मग एक दिवस सगळ्यांना बोलवा. वकील संघ तर येईलच, पण कोर्टाचे कारकून, शिपाई, बेलीफ, पोलीस ठाण्याचे पैरवी अंमलदार, अंगणवाडी ताई, दिव्यांग संघटना आणि ज्यांच्या तारखा चालू आहेत असे दहा-वीस पक्षकारही बोलवा. त्यांना विचारा की दिवसभरात तुम्ही कुठं बसता, पाणी कुठं पिता, लेकराला कुठं पाजता. एका बाईनं उभं राहून पाच मिनिटं सांगितलं तर कारंज्याच्या जागी काय हवंय ते आपोआप कळेल.

माहिती अधिकारात अर्ज मी टाकलाय. नकाशा, गरजांचा अंदाज कशावरून काढला ती टिपणी आणि जागा निवडीचा अहवाल, तीन गोष्टी मागितल्यात. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. जे येईल ते, जसंच्या तसं, इथंच टाकीन. 'अशी टिपणी उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही टाकीन.

विधी व न्याय विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि उच्च न्यायालय, तिन्हीकडे पाठवायचं निवेदन तयार आहे. त्याला नुसत्या सह्या जोडून उपयोग नाही, मोजणी जोडायचीय. येत्या सोमवार ते शुक्रवार, रोज साडेदहा ते साडेपाच. दोघं गेटवर, दोघं आत व्हरांड्यात. आत नुसतं बघायचं, किती वेळ थांबतात, कुठं बसतात, किती जण उभे आहेत. कुणाचं नाव विचारायचं नाही, कुठल्या केसचं विचारायचं नाही, फोटो अजिबात काढायचा नाही. दोन मुली लागतील, कारण बायकांच्या स्वच्छतागृहासमोरची रांग मी किंवा भाचा मोजू शकत नाही. वकील संघाच्या अध्यक्षांशी बोललोय, त्यांनी आवारात बसायची रीतसर परवानगी घेऊन देतो म्हणून सांगितलंय.

वह्या आणि पेन माझ्याकडे आहेत. दुपारची भाकरी आई करून पाठवणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी कमेंटमध्ये फक्त 'येतो' किंवा 'येते' लिहा, आणि कुठला दिवस ते.